एक पान, चार हात: सी भाषेत फाइलचे सामायिक बफर कसे सांभाळायचे

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात दिवाळी पाडव्याला गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो आणि तिथून पुढे हंगामभर अडत दुकानांत नोंदींची धांदल असते. शेतकऱ्याचं नाव, गाव, गुळाचे रवे (ढेपा) किती, किती किलोचे, वजन, दर, हमाली, तोलाई आणि सगळं वजा जाता हातात पडणारी रक्कम. समजा, अशा एका दुकानासाठी आपण सी भाषेत नोंदींचा प्रोग्राम लिहितोय. एक जण काट्यावरून वजन भरतो, दुसरा सौद्यात ठरलेला दर भरतो, तिसरा पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या रकमेचा हिशेब, काढतो आणि चौथा चौकशीला आलेल्या शेतकऱ्याला उत्तर देतो. चौघांचे चार प्रोसेस, पण संगणक एकच आणि फाइलही एकच.

प्रत्येक नोंद १२८ बाइटांची धरू. डिस्कवरून एकेक नोंद आणणं परवडत नाही, म्हणून फाइल ८,१९२ बाइटांच्या पानांत कापायची आणि वाचायचं-लिहायचं ते पानाच्या हिशेबानं. पानाचे पहिले १२८ बाइट त्या पानाच्या स्वतःच्या माहितीसाठी राखून ठेवले, की एका पानात ६३ नोंदी बसतात. शून्यापासून मोजलं तर नोंद क्रमांक १००० ही पान क्रमांक १५ मध्ये, त्या पानाच्या सुरुवातीपासून ७,१६८ बाइट सोडून येते. १००१ तिच्या शेजारीच, त्याच पानात.

आता घोटाळा कसा होतो ते बघा. काट्यावरचा प्रोसेस १५ नंबरचं पान आपल्या मेमरीत वाचून घेतो आणि १००० नंबरच्या नोंदीत वजन भरतो. त्याच क्षणी दराचा प्रोसेस तेच पान आपल्या मेमरीत वाचतो आणि १००१ मध्ये दर भरतो. पहिल्यानं पान परत लिहिलं, मग दुसऱ्यानं लिहिलं. दुसऱ्याच्या प्रतीत १००० नंबरचं वजन अजून कोरंच होतं आणि आता तेच कोरं वजन डिस्कवर जाऊन बसलं. एरर कुठेच नाही. फाइलमध्ये लिहिणाऱ्या पीराइट या कॉलनं दोन्ही वेळा ‘८,१९२ बाइट लिहिले’ असं खरंच सांगितलं. संध्याकाळी पट्टी काढायला बसल्यावर दिसतं, की शेतकऱ्याच्या नावापुढे रवे आहेत आणि वजन नाही.

यावरचा उपाय म्हणजे मेमरीत प्रत्येक पानाची एकच प्रत ठेवायची आणि ती चौघांनी वापरायची. या सामायिक प्रतींच्या साठ्याला बफर पूल म्हणतात. सांगायला एक वाक्य पुरतं, पण सीमध्ये तो नीट बांधणं हे फार बारकाईचं काम आहे. पोस्टग्रेस हा डेटाबेस सीमध्येच लिहिलेला असून त्याचा सोर्स कोणालाही वाचता येतो. म्हणून पुढे जागोजागी त्याचा दाखला देतो.

सामायिक मेमरी मिळवण्याचा सरळ रस्ता असा: मुख्य प्रोसेसनं फोर्क करून मुलं (नवे प्रोसेस) जन्माला घालण्याआधी एममॅप या मेमरी जोडून देणाऱ्या कॉलला ‘शेअर्ड’ आणि ‘अनॉनिमस’ हे दोन्ही फ्लॅग देऊन एक मोठा तुकडा मागायचा. नंतर जन्मलेल्या सगळ्या मुलांना तो तुकडा त्याच पत्त्यावर दिसतो. प्रोसेस एकमेकांची मुलं नसतील तर एसएचएम-ओपननं नाव देऊन तुकडा तयार करायचा आणि प्रत्येकानं तो आपापल्याकडे एममॅप करायचा. मात्र तेव्हा प्रत्येकाकडे पत्ता वेगळा असू शकतो. म्हणून सामायिक मेमरीत पॉइंटर कधीच साठवू नये. ‘बफर क्रमांक ३७’ असा आकडा साठवावा आणि ज्यानं त्यानं आपल्या सुरुवातीच्या पत्त्यावरून जागा काढावी. मॅलॉकनं घेतलेल्या जागेचा पॉइंटर तिथे ठेवणं तर त्याहून घातक, कारण ती जागा फक्त त्या एका प्रोसेसची असते. दुसऱ्यानं तो पॉइंटर उघडला तर नशीब चांगलं असेल तर प्रोग्राम कोसळतो, वाईट असेल तर भलताच डेटा वाचला जातो आणि काम पुढे चालू राहतं.

म्युटेक्सचंही, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या लॉकचंही, तसंच. पी-थ्रेड लायब्ररीचा म्युटेक्स सामायिक मेमरीत नुसता ठेवून भागत नाही. तो प्रोसेसांमध्ये वाटला जाणार आहे हे ‘प्रोसेस शेअर्ड’ या गुणधर्मानं आधी सांगावं लागतं. जोडीला ‘रोबस्ट’ हा गुणधर्मही लावावा. लॉक हातात असतानाच एखादा प्रोसेस मेला, तर पुढच्याला ‘मालक मेला’ असा एरर कोड मिळतो. नाहीतर उरलेले तिघे कायमचे ताटकळतात.

आत मांडणी तीन भागांची असते. पहिला भाग म्हणजे पानं जिथे उतरतात त्या बफरांची सलग रांग. पोस्टग्रेसमध्ये सामायिक बफरांचा मूळ आकार १२८ एमबी असतो आणि पान ८ केबीचं, म्हणजे १६,३८४ बफर. दुसरा भाग तेवढ्याच छोट्या वर्णनांचा: या बफरात सध्या कुठल्या फाइलचं कितवं पान आहे, ते कोण वापरतंय, बदललंय का. तिसरा भाग हॅश टेबलचा. त्याला फाइल आणि पान क्रमांक दिला की तो बफर क्रमांक सांगतो. वर्णनं पानांपासून वेगळी ठेवायची, कारण रिकामा बफर शोधताना हजारो वर्णनं चाळावी लागतात आणि ती जवळजवळ असली तर प्रोसेसरच्या कॅशमध्ये बसतात.

बफर पूल लिहिताना तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात, आणि नवा माणूस नेमके तेच एकत्र करतो. हे पान या जागेवरून हलवलं जाणार नाही ना? मी वाचतोय तोवर यातला मजकूर बदलणार नाही ना? आणि मेमरीतलं पान डिस्कवरच्या पानाशी जुळतंय ना? पहिल्याचं उत्तर पिन, दुसऱ्याचं लॉक, तिसऱ्याचं डर्टी फ्लॅग, म्हणजे ‘पान बदललंय, अजून डिस्कवर गेलेलं नाही’ ही खूण. तिन्ही कामं एकाच लॉकवर ढकलली, की प्रोग्राम चालतो, पण एक तर मुंगीच्या पावलानं चालतो किंवा गर्दीत अडकून बसतो.

पिन म्हणजे एक आकडा, सध्या किती जण हे पान वापरतायत तो. करवीर नगर वाचन मंदिरात टेबलावरच्या वर्तमानपत्राभोवती तिघे वाचत बसलेत, तोवर शिपाई ते उचलून नेत नाही. आधी कोण उठतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, शेवटचा उठला की झालं. पिनचा आकडा शून्य झाल्याशिवाय त्या बफरात दुसरं पान आणायचं नाही, एवढाच तो नियम. लॉक ही त्याहून छोट्या वेळेची गोष्ट. वाचणाऱ्यांनी सामायिक लॉक घ्यायचं, बदलणाऱ्यानं एकट्याचं. नोंद वाचून झाली की लॉक लगेच सोडायचं. पिन मात्र त्या पानावर पुन्हा यायचं असेल तर तशीच ठेवता येते. पट्टी काढणारा प्रोसेस एका पानातल्या नोंदी एकामागून एक घेतो, तेव्हा त्याची पिन सगळा वेळ असते आणि लॉक दर नोंदीला क्षणभरच. त्या मधल्या फटींत काट्यावरच्या प्रोसेसचं काम होऊन जातं.

पिन करतानाची एक फट मात्र सहज निसटते. हॅश टेबलनं सांगितलं, पान १५ बफर ३७ मध्ये आहे. आपण ३७ कडे वळेपर्यंत दुसऱ्या कोणीतरी त्यातलं पान १५ काढून पान ८० आणलं. आपण आनंदानं ३७ पिन केला आणि भलत्याच शेतकऱ्याच्या नोंदीत वजन भरलं. म्हणून हॅश टेबलचं लॉक हातात असतानाच पिन वाढवायची आणि मग ते लॉक सोडायचं. या एका लॉकवर सगळ्यांची रांग लागू नये म्हणून पोस्टग्रेस हॅश टेबलचे १२८ भाग पाडतो आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र लॉक देतो.

उलट बाजूचीही शर्यत असते. पान १५ मेमरीत नाहीच, आणि दोन प्रोसेसना ते एकदम हवंय. दोघांनी दोन बफरांत आणलं तर आपण पुन्हा सुरुवातीच्याच घोटाळ्यात. म्हणून डिस्कला हात लावण्याआधी हॅश टेबलमध्ये नोंद घालायची. ज्याची नोंद आधी पडली तो पान आणतो. दुसऱ्याला नोंद आधीच दिसते, तो आपला बफर परत देतो आणि पहिल्याचं वाचन संपायची वाट बघतो. त्यासाठी वर्णनात ‘वाचन चालू’ आणि ‘पान वैध’ असे दोन फ्लॅग लागतात. वाचताना डिस्कनं दगा दिला तर ‘वैध’ लागत नाही आणि थांबलेल्याला स्वतः प्रयत्न करावा लागतो.

पिन सोडायची विसरणं हा सीमधला हमखास सापडणारा आजार आहे. फंक्शनच्या मध्येच एखादी चूक आढळली, तिथून थेट रिटर्न केलं आणि पिन मागेच राहिली. एक बफर अडकल्यानं काही कळत नाही. हंगाम भरात आला की एकेक करत सगळेच अडकतात आणि नवं पान आणायला जागा उरत नाही. पोस्टग्रेसमध्ये यासाठी ‘नो अनपिन्ड बफर्स अव्हेलेबल’ असा एरर संदेशच आहे. सीमध्ये आपोआप साफसफाई करणारं काही नाही, त्यामुळे इथे गोटूला नावं ठेवणाऱ्यांचं ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक चुकीच्या वाटेवरून फंक्शनच्या शेवटी असलेल्या एकाच सफाईच्या लेबलकडे उडी मारायची आणि तिथे पिन सोडायची. शिवाय प्रत्येक प्रोसेसनं आपण घेतलेल्या पिनांची खासगी यादी ठेवावी. एक काम पूर्ण झालं की ती यादी रिकामी असलीच पाहिजे, असा असर्ट लावून टाकावा.

आणि प्रोसेसच मेला तर? त्यानं घेतलेली पिन, धरलेलं लॉक, अर्धवट बदललेलं पान, सगळं सामायिक मेमरीत तसंच राहतं. पोस्टग्रेस यावर कठोर निर्णय घेतो. एखादा प्रोसेस असा अकाली कोसळला की मुख्य प्रोसेस बाकीच्या सगळ्यांना बंद करतो, सामायिक मेमरी नव्यानं मांडतो आणि लॉगवरून, म्हणजे केलेल्या बदलांच्या नोंदवहीवरून, डेटा पूर्ववत करतो. चौघांचं काम क्षणभर थांबतं, पण संशयास्पद पान डिस्कवर जात नाही. मला हाच मार्ग प्रामाणिक वाटतो.

आता कुणाला बाहेर काढायचं ते. सगळे बफर भरलेत आणि नवं पान हवंय. सर्वांत जुना वापर असलेलं पान काढावं हे मनाला पटतं, पण त्यासाठी दर वाचनाला एका यादीत फेरफार करावा लागतो आणि ती यादीच मग भांडणाचं मूळ होते. त्यापेक्षा घड्याळ पद्धत सोपी पडते. तिचा उगम साठच्या दशकाच्या अखेरीस फर्नांडो कोर्बातो यांनी मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये केलेल्या प्रयोगात आहे. पोस्टग्रेसच्या रूपात प्रत्येक वर्णनात एक वापराचा आकडा असतो. पान वापरलं की तो एकनं वाढतो, पण पाचाच्या वर जात नाही. जागा हवी असली की एक काटा बफरांवरून गोल फिरतो. पिन असलेला बफर सोडून देतो, आकडा शून्याहून मोठा असेल तर एकनं कमी करून पुढे जातो, आणि पिन नाही व आकडाही शून्य असा पहिला बफर उचलतो. उचलल्यावर लॉक घेऊन पुन्हा एकदा खात्री करायची, कारण तेवढ्यात कोणीतरी पिन करून गेलेलं असू शकतं.

या निवडीमागे थोडा इतिहासही आहे. जानेवारी २००५ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस ८.० मध्ये आयबीएमच्या निम्रोद मेगिड्डो आणि धर्मेंद्र मोधा यांची एआरसी ही पानं बाहेर काढण्याची पद्धत होती. तिच्यावर आयबीएमनं पेटंटसाठी अर्ज केल्याचं लक्षात आल्यावर ८.०.२ मध्ये ती बदलली गेली आणि त्याच वर्षी ८.१ मध्ये घड्याळ पद्धत आली. ती आजही तिथे आहे.

फाइल अथपासून इतिपर्यंत वाचणारं काम, उदाहरणार्थ वर्षअखेरीचा हिशेब, घड्याळालाही चकवतं. प्रत्येक पान एकदाच लागणार, पण त्यांच्या लोंढ्यात रोजची उपयोगाची पानं वाहून जातात. म्हणून मोठ्या वाचनाला पोस्टग्रेस फक्त मोजक्या बफरांचं छोटं कडं देतो आणि तेच फिरवून फिरवून वापरायला लावतो.

सगळ्यात जास्त काळजी लागते ती बदललेलं पान डिस्कवर उतरवताना. इथे क्रम चुकला तर दुरुस्ती नाही. ऑगस्ट २०१९च्या पुरात कोल्हापूरच्या कितीतरी भागांत वीज गेली होती ते आठवा. वीज जाण्याची वेळ आपल्या प्रोग्रामला विचारून ठरत नाही. ती कुठल्याही दोन ओळींच्या मध्ये जाऊ शकते असं धरूनच लिहावं लागतं.

पहिला नियम, लॉग आधी आणि पान नंतर. पानात बदल केला की ‘पान १५, नोंद १०००, वजन इतकं’ अशी ओळ लॉगमध्ये जाते आणि तिचा क्रमांक पानाच्या राखीव जागेत लिहिला जातो. सुरुवातीला सोडलेले १२८ बाइट इथे कामी आले. पान डिस्कवर पाठवण्याआधी तो क्रमांक बघायचा. लॉग तिथवर डिस्कवर पक्का झाला नसेल तर आधी लॉग पक्का करायचा. सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडलेल्या एरीज या डेटा पूर्ववत करण्याच्या पद्धतीचा हा एक मुख्य आधार आहे.

दुसरी गोष्ट डर्टी फ्लॅगची. पान लिहायला सुरुवात केली, लिहून झालं, फ्लॅग उतरवला. पण लिहिणं चालू असतानाच कोणी पानावर डर्टीची खूण केली असेल तर? फ्लॅग उतरला, त्या बदलाला वाली राहिला नाही, आणि घड्याळानं ते पान स्वच्छ समजून फेकून दिलं. यासाठी आणखी एक फ्लॅग ठेवतात, ‘नुकतंच मळलं’. लिहिण्याआधी तो उतरवायचा. पानावर डर्टीची खूण करणाऱ्यानं दोन्ही फ्लॅग लावायचे. लिहून झाल्यावर ‘नुकतंच मळलं’ पुन्हा लागलेला दिसला तर डर्टीला हात लावायचा नाही, ते पान पुढच्या खेपेला पुन्हा लिहिलं जाईल. एका बिटाचा खर्च, आणि एक अख्खा रोग बरा.

तिसरी, पीराइट यशस्वी झालं म्हणजे पान डिस्कवर गेलं असं नाही. ते कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या साठ्यात) गेलं. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ते तिथे तीसेक सेकंद आरामात पडून राहू शकतं. पक्कं करायचं तर एफसिंक हवं, आणि एफसिंकनं दिलेला एरर गांभीर्यानं घ्यायला हवा. २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या लोकांच्या लक्षात आलं, की लिनक्सवर लिहिणं फसल्यानंतर ती पानं कर्नल स्वच्छ मानू शकतो. मग पुन्हा एफसिंक केलं तर ते यश सांगतं, पण डेटा गेलेला असतो. तेव्हापासून पोस्टग्रेस एफसिंक फसलं की डोळे झाकून पुन्हा प्रयत्न करत नाही. सरळ थांबतो आणि लॉगवरून सगळं उभं करतो.

शिवाय आपलं पान ८ केबीचं, कर्नलचं बहुतेक ठिकाणी ४ केबीचं. वीज मधेच गेली तर अर्धं पान नवं, अर्धं जुनं. चेकसमनं, म्हणजे पानातल्या बाइटांवरून काढून ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्यानं, ते फक्त ओळखता येतं. दुरुस्त करायचं तर चेकपॉइंटनंतरच्या (बदललेली सगळी पानं डिस्कवर उतरवल्यानंतरच्या) पहिल्या बदलाला अख्खं पानच लॉगमध्ये ठेवावं लागतं.

इथवर वाचणाऱ्याच्या मनात आलंच असेल, की एवढा उपद्व्याप कशाला, फाइलच ‘शेअर्ड’ करून एममॅप केली तर चौघांना एकच प्रत आपोआप मिळते. मिळते, आणि नुसतं वाचायचं असेल तर जरूर तसंच करावं. पण बदललेलं पान कर्नल हवं तेव्हा डिस्कवर लिहू शकतो, आपल्याला न विचारता. ‘लॉग आधी’ हा नियम तिथेच मोडतो. वाचताना डिस्कचा एरर आला तर तो रिटर्न व्हॅल्यू म्हणून येत नाही, सिगबस सिग्नल म्हणून अंगावर येतो, तोही एखाद्या साध्या बेरजेच्या ओळीवर. एलएमडीबीसारखा डेटाबेस एममॅपवरच उभा आहे हे खरं, पण तो मॅप केलेला भाग सहसा फक्त वाचायला ठेवतो, जुनं पान जागच्या जागी बदलत नाही आणि नवी प्रत वेगळ्या जागी लिहितो. म्हणजे क्रमाचा प्रश्न त्यालाही सोडवावाच लागला, फक्त दुसऱ्या बाजूनं.

स्वतःचा पूल ठेवला की तेच पान कर्नलच्या कॅशमध्येही असतं आणि मेमरी दोनदा खर्च होते. फाइल उघडताना ओ-डायरेक्ट हा फ्लॅग देऊन कर्नलची प्रत टाळता येते, पण मग पुढची पानं आधीच आणून ठेवण्याचं त्याचं कामही आपल्यावर येतं. पहिल्या प्रयत्नात त्या वाटेला जाऊ नये. पोस्टग्रेससाठीही यंत्राच्या मेमरीच्या साधारण पाव हिस्सा बफरांना आणि उरलेली कर्नलला, असाच सल्ला रूढ आहे.

हे शिकायचं असेल तर हजारो बफरांनी सुरुवात करू नका, तीनच ठेवा. प्रोसेस चार, पानं वीस, बफर तीन. मोठ्या पुलात महिन्यातून एकदा होणारी शर्यत इथे मिनिटाभरात होते. मध्येच एखाद्या प्रोसेसला किल मायनस नाइननं मारा आणि बाकीचे काय करतात ते बघा. मग एकाच कामाला दोन पानं लागतील असं करा, म्हणजे एका पानातून नोंद काढून दुसऱ्यात घालायची. तिघांनी एकेक बफर पिन केला आणि प्रत्येक जण दुसरा मागतोय, चौथ्याला पहिलाही मिळत नाही. घड्याळाचा काटा फिरतोय, कोणीच पिन सोडत नाही. या वेळी फंक्शननं अनंत काळ फिरत राहायचं, की एक पूर्ण फेरी झाल्यावर एरर देऊन हातातली पिन सोडायला लावायची, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. पोस्टग्रेस एरर देतो, आणि तुम्हीही तेच करावं.